थंडीतली मिसिंग

त्याने पुन्हा सेल्फ मारला. इंजिन खाकरलं, दोन गचके देऊन चालू झालं आणि हुडहुडी भरल्यासारखं थडथडायला लागलं. पिकअपचं सगळं अंग हलत होतं. त्याने हलकीशी रेस दिली, तर इंजिनाने आवंढा गिळल्यासारखं केलं आणि ते बंदच पडलं.

"काल तू म्हणालास, झालं," फाटकापाशी उभी असलेली ताई म्हणाली.

"काल झालंच होतं."

खरंच झालं होतं. निदान त्याच्या गॅरेजमध्ये तरी गाडी शिवणयंत्रासारखी चालली होती. पण ताईच्या घरापासून गॅरेजपर्यंत यायला वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात इंजिन तापायचं आणि दोष कुठेतरी दडून बसायचा. रोज सकाळी, रात्रभर गार पडलेली गाडी चालू करताना तेवढा तो डोकं वर काढायचा. तापायला दहा मिनिटं लागत. म्हणजे दोष पकडायला दिवसाकाठी दहाच मिनिटं. म्हणून आज तो साडेसहालाच हत्यारांची पेटी घेऊन इथे आला होता.

तीन आठवडे हेच चाललं होतं, गार इंजिनाचं अडखळणं, मेकॅनिकांच्या भाषेत मिसिंग. प्लग नवे टाकले, कॉइल्स बदलल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला, थ्रॉटल दोनदा साफ केला. स्कॅनर लावला की तो छातीठोकपणे सांगायचा, गाडीत काहीही दोष नाही. गावातले दुसरे मेकॅनिक अडलेल्या गाड्या त्याच्याकडे पाठवायचे, आणि सख्ख्या बहिणीची गाडी त्याला दाद देत नव्हती.

"गाडी घेणारा तो माणूस आज फोन करणार आहे," ताई म्हणाली. "उद्या येतो म्हणाला. परत तसंच झालं तर नाही घ्यायचा."

तो माणूस एकदा येऊन गेला होता. आल्या आल्या त्याने बॉनेटवर तळहात टेकवून इंजिन गार असल्याची खात्री केली, मग चालू करायला लावलं. गाडी रेस घेईना, तेव्हा हसून म्हणाला, "पिकअपच पिकअप घेत नाही, मी घेऊन काय करू?" विनोद चांगला होता, म्हणून तर तो आठवला की मेकॅनिकच्या कानशिलाशी शीर उडायची.

"भावोजींना सांगितलंस? विकायचं ते?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"सांगून काय करू? समजतंय किती, देव जाणे."

भावोजी दहा पावलांवर, ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं तर गेल्यातच जमा झालं. वीस वर्षं याच गाडीतून त्यांनी लोकांची घरं हलवली होती. कपाटं, आरसे, पाळणे, एकदा तर माशांसकट काचेची टाकी. आता त्यांना एखादा शब्द हवा असला की तो तोंडात येईपर्यंत ताई किंवा तिचा भाऊ, जो जवळ असेल तो, पुरवून टाकायचा. भावोजी मग मान हलवायचे. बरोबर असला तरी हलवायचे आणि नसला तरी.

त्याने पुन्हा सेल्फ मारला. चौथ्या खेपेला गाडी चालू झाली. रेसला पाय न लावता तो खाली उतरला आणि बॉनेटमध्ये वाकला. इंजिन अडखळत होतं, सावरत होतं, पुन्हा अडखळत होतं. एकेका कॉइलची वायर काढून पाहिली. चारही सिलिंडर चालत होते.

"वा..." ओट्यावरून आवाज आला. "वा... वारा."

"गार लागतंय त्यांना," असं म्हणत ताई आत गेली आणि शाल घेऊन आली. भावोजींच्या खांद्यांवर टाकून तिने ती नीट खोचली.

"वारा," भावोजी म्हणाले.

"हो, टाकली ना शाल. आत बसता का?"

त्यांनी मान हलवली नाही. डाव्या हाताने त्यांनी शाल ओढली आणि खाली टाकली. ताईने उचलून पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा टाकली, या वेळी जरा लांब.

"अहो, असं काय करता सकाळी सकाळी?" ताईचा आवाज चिरकला. "ताप आला तर मीच धावायचं ना?"

"ताई, जरा आत घेऊन जा त्यांना," बॉनेटमधून डोकं न काढता तो म्हणाला. "मला ऐकू येऊ दे. पाचच मिनिटं उरलीत."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण पाना हातातून निसटून इंजिनाच्या पोटात पडला आणि तो काढायला हात घालताना मनगट खरचटलं, त्यात ते राहून गेलं. त्याने गाडीच्या पत्र्यावर मूठ आपटली.

मूठ आपटल्यावर काठीचा आवाज आला. भावोजी उठले होते. ताईने धरायला हात पुढे केला, तर त्यांनी कोपराने तो बाजूला सारला. दहा पावलांना त्यांना बराच वेळ लागला. बॉनेटपाशी येऊन त्यांनी काठी बंपरला टेकवली, कंबर पत्र्याला टेकली आणि डावा हात थ्रॉटलच्या मागे, खाली, जिथे नजर पोचत नव्हती तिथे घातला. बोटं चाचपत गेली. मग अंगठा कुठेतरी दाबला.

इंजिनाची थडथड थांबली. एकसारखा, खालचा, समाधानी सूर लागला.

त्यांनी अंगठा उचलला. थडथड. पुन्हा दाबला. सूर.

मेकॅनिकने त्यांच्या हातामागून आपला हात नेला. रबरी पाइप, बोटाएवढा जाड. पोटाच्या बाजूने चीर गेलेली. गार असताना रबर आखडायचं आणि चीर उघडायची; तापलं की मऊ पडून मिटायची. तिथे बोट नेलं की बारीक फुसफुस लागत होती.

"एअर घेतेय," तो म्हणाला. मग भावोजींकडे वळून म्हणाला, "वारा."

भावोजींनी मान हलवली. ओट्यावर बसून त्यांनी ती फुसफुस ऐकली होती.

चीर पाइपच्या टोकाशीच होती. त्याने तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली. गाडीने रेस घेतली, मुकाट्याने. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो चिंधीला हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

ओट्यावर ताईचा फोन वाजायला लागला. तिने तो उचलून पाहिला, पण कानाला लावला नाही. ती खाली उतरली आणि नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"गाडी विकायचं चाललंय," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं नाही मी. काय करू?"

फोन वाजून थांबला. भावोजींचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मेकॅनिकच्या जिभेवर शब्द तयार होता. ताईच्याही असावा, तिने खालचा ओठ दातांत धरला होता. दोघं थांबले.

"द्या... देऊ," भावोजी म्हणाले. श्वास घेतला. "पण मी... मी दाखवीन."

फोन पुन्हा वाजला. ताईने पदराने नाक पुसलं आणि तो कानाला लावला.

"हो, या ना उद्या सकाळी. इंजिन गारच असेल." ती क्षणभर थांबली. "नाही, माझा भाऊ नसेल. गाडीचे मालक आहेत घरी. तेच दाखवतील."

भावोजी डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला लागले. वेळ लागत होता. कोणी पुढे झालं नाही.