पोत्यावरची ओळ

"गहू मिळाला का?"

"मिळाला."

"वापरला का?"

"वापरला."

कुदरतुल्लाने उत्तरं सांगितली, हॅनाबाईंनी चौकटींत खुणा केल्या. सकाळपासूनचं हे अकरावं घर. लढाई थांबल्यावर एका परदेशी संस्थेने अफगाणिस्तानातल्या बघलानच्या या गावांत बियाण्याचा गहू वाटला होता. तो किती उपयोगी पडला, ते तपासायला बाई आल्या होत्या. कुदरतुल्ला पूर्वी शेतकी शाळेत मास्तर होता. आता त्यांचा दुभाष्या.

कसा वापरला, हे कागदावर नव्हतं. त्याने तरी विचारलं.

घरची सून माहजबीन ओढणीआडून सांगू लागली. पेरणी उलटून गेल्यावर, ऐन बर्फात गहू आला. घरात पिठाची चिमूट नव्हती. दाणे गुलाबी दिसले म्हणून तिने तीनदा धुतले, दळले, नान भाजले. चार वर्षांचा यूनुस दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आईचे हातच घाणेरडे, असं म्हणून सासूने तेव्हापासून तिच्या हातचं खाणं सोडलं. ती म्हातारी उंबऱ्यावर पाठ करून बसली होती.

"पोतं आहे?"

फुटक्या खिडकीत कोंबलेलं पोतं तिने काढून दिलं. त्यावरची बारीक इंग्रजी ओळ कुदरतुल्लाने दोनदा वाचली. त्याने पोतं बाईंपुढे धरलं. त्यांचा चेहरा उतरला. फार वाईट झालं, वेगळं टिपण लिहीन, म्हणाल्या.

"आधी 'वापरला'पुढची ती खूण खोडा."

या रकान्यात फक्त हो किंवा नाही, त्या म्हणाल्या.

"मग मूल मेलं तेही 'हो'तच धरलंत. दोन वर्षांनी मोजायला आलात. ही ओळ आमच्या भाषेत लिहायला कुणाला सवड झाली नाही."

बाई गाडीकडे गेल्या. त्यांच्या कागदांची फळी मागेच राहिली होती; कुदरतुल्लाने ती त्यांच्यामागे नेली नाही, जमिनीवर आपटली.

"मास्तर, पोत्यावर काय लिहिलंय?" माहजबीनने विचारलं.

"बियाण्याला विष लावलंय. खाऊ नये."

माहजबीन कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंना कमी ऐकू येतं. मोठ्याने वाचा."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. कुदरतुल्ला म्हातारीच्या कानाशी वाकला आणि ती ओळ आपल्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून वाचली. भोंगा पुन्हा वाजला. त्याने पुन्हा वाचलं.

म्हातारी उंबऱ्यावर थोडी सरकली आणि सुनेसाठी जागा केली.