कुलपाखालचं बारसं

बाळंत मी झाले आणि पोलीस आले नणंदेला शोधत.

आमच्या गावात सरकारी उपकेंद्राला इमारत आहे, पाटी आहे, नवा रंग आहे. नर्सबाई तेवढी नाही. मला कळा सुरू झाल्या तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि येरमाळ्याहून गाडी येईपर्यंत पोरगं काही थांबलं नाही. पायरीवरच झालं. माझी नणंद हर्षाली हिनं व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. चित्रात नुसतं कुलूप, मागून माझ्या पोराचं रडणं.

तो जिल्हाभर फिरला. मग एके सकाळी त्याच्या जागी पाटी आली, सरकारी आदेशानुसार हा व्हिडिओ भारतात दिसणार नाही. बाळंतपण भारतात झालं, पण दिसायचं नाही म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी फौजदार दारात. "अफवा पसरवली म्हणून माफीनामा लिहून द्या. पोर बारा दिवसांचं होईपर्यंत थांबतो, नाही दिलात तर गुन्हा दाखल."

हर्षाली पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे डांबरीवर धावायची. गुन्हा नोंदला की वर्दी गेली. माझ्या सासूबाई, कमलबाई, रडकुंडीला आल्या. "लिव्ह बाई. सरकारशी का वैर करती?"

हर्षालीनं माफीनामा लिहिला. सहीपाशी मात्र पेन अडलं. "वहिनी, हे खोटं हाय म्हणून लिवलंय म्या. मग ह्यो झाला कुठं?"

मी पोराकडं पाहिलं. "सही राहू दे. तू आत्या ना? आधी नाव ठेव. पाळणा त्याच पायरीवर बांधू. बारशाला तर बंदी न्हाय?"

सासूबाई उठल्या आणि घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले.

बारशाला गाव लोटलं. आत्यानं कानात कुर्र करून रुद्रेश नाव ठेवलं. सरकारबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बायांनी फक्त फोटो काढले, व्हिडिओ काढले, स्टेटसला ठेवले, माहेरी पाठवले. माहेर प्रत्येकीला असतं. घटकाभरात पाळणा येडशीला पोचला, जळकोटला पोचला, आणि पाळण्यामागचं कुलूपही पोचलं.

फौजदार आलेच. "बंद करा ते फोन! माफीनामा कुठाय?"

सासूबाई पुढं झाल्या. "साहेब, तुमच्यायेवढ्या लई जणांच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या." त्यांनी एकीचा फोन साहेबांपुढं धरला. "ह्यात अफवा कुठं हाय, तेवढं बोट ठेवून दाखवा. पोरगी आत्ता सही करंल."

साहेबांनी बोट उचललं. पाळणा, पोरगं, नटलेल्या बाया. बोट ठेवायला एकच जागा होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोर दाराला लटकत होती. बोट तसंच खाली आलं.

हर्षालीनं घरातून आणलेला माफीनामा काढला, त्याची पुडी वळली, तीत गरम घुगऱ्या भरल्या आणि साहेबांच्या हातात दिली.

"न्या साहेब. माफीनामा हाय, घुगऱ्या हायेत. सही तेवढी न्हाय."