आजोबांच्या खाचेत न बसलेली माशी

“सुनेनं बांधलेली ती माशी डबीच्या तळाशी टाक. गिऱ्हाईकाला दिसायला नको.”

जगात आल्यावर माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य, सासऱ्याचं. मला कान नाहीत, ते सोडा. दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या त्या सुनेला, मेरेरिदला होते.

मी एक माशी. खरी नव्हे, ट्राउट माशाला फसवायला गळावर बांधलेली. अंगाला सशाच्या कानाची लव, मानेशी तितराचं पीस, आत मेण लावलेला पिवळा रेशमी धागा. टायवी नदीकाठी तिच्या सासऱ्याच्या, ग्विलिमच्या दुकानात माझ्यासारख्या ढीगभर आहेत. पण सगळ्या एका मापाच्या. त्याच्या आजोबांनी माश्या बांधायच्या बाकाच्या कडेला एक खाच कोरून ठेवली आहे. माशी तिच्यात चपखल बसली, तरच विकायची. नव्या सुनेची माशी बसली, तरच तिला बाकावर जागा. तोवर तिनं चहा करायचा.

मी त्या खाचेत खुळखुळत होते, मोठ्या बहिणीच्या बुटात पाय घातल्यासारखी.

“पोरीचा हातच आखडता,” सासू तेग्वेन म्हणाली. “पावावर लोणीसुद्धा असंच लावते.”

माझं माप मात्र पुलावर ठरलं होतं. मेरेरिद लग्न होऊन आली तेव्हा मार्च होता. पुलाच्या कठड्याला कोळ्यांची जाळी असतात, त्यांत नदीतून उडालेल्या माश्या अडकतात. तेव्हाच्या चांगल्या थोराड, काळपट होत्या. थंड पाण्यात, दगडांखाली हिवाळाभर सावकाश वाढलेल्या. जुलैत त्याच जातीच्या पुढच्या पिढीला ऊबदार पाण्यात वाढायची घाई. जाळ्यांत सापडल्या त्या इवल्याशा, फिकट. घरची माणसं रोज त्याच पुलावरून जायची, पण खाली मासे बघत. मेरेरिदनं जाळी बघितली आणि त्या मापानं मला बांधलं.

परवा संध्याकाळी ग्विलिम नदीवर गेला. मासे वर येत होते, त्याच्या माश्या हुंगून परत फिरत होते. डबी रिकामी होत गेली. तळाशी मी. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मला दोरीला बांधलं.

ट्राउटचे दात बारीक असतात, पण असतात. माझं पीस गेलं.

जेवताना तेग्वेननं विचारलं, “कशावर लागला हो?”

“आपल्याच माशीवर,” ग्विलिम बटाट्याकडे बघत म्हणाला.

तिनं खुंटीवरची त्याची टोपी काढून दिव्याशी धरली. टोपीत मी खोचलेली. “अगंबाई, ही तर ती बुटकी!”

मेरेरिदचा नवरा गेथिन पेल्यातच हसला.

“मासा आंधळा असेल,” ग्विलिम गुरगुरला. “आजोबांचं माप चुकत नाही.”

मी आता पुन्हा पाण्यात जायच्या लायकीची राहिलेली नाही. फेकायचं तर खुशाल फेका. फक्त त्याआधी माझं माप कुठेतरी नोंदवून ठेवा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला तोंडही नाही.

मेरेरिदनं किटली खाली ठेवली. “नाहीच चुकत, बाबा. पण ती खाच त्यांनी मार्चमध्ये कोरली असणार. शेजारी जुलैची मी कोरते. चाकू कुठे असतो?”