सुस्वागतमची भिंत

रस्ते आणि पाणी ही दोन्ही खाती दिल्लीत एकाच मंत्रालयाखाली आली, तेव्हा शिरोळकडच्या त्या गावात सरपंच कृष्णातनं पेढे वाटले. नव्या महामार्गाच्या भरावामुळं पुराचं पाणी गावात तुंबायचं. भरावाखालून पाणी जायला दोन मोऱ्या मिळाल्या की झालं, एवढंच मागणं होतं. आजवर रस्तेवाले म्हणत, प्रश्न पाण्याचा. पाणीवाले म्हणत, रस्त्याचा. आता टोलवायला समोर कुणी उरलंच नाही, अशी कृष्णातची समजूत.

पाहणीचं पथक मार्चमध्ये आलं. पूर बघायला मंत्रालय उन्हाळ्यातच येतं. पावसाळ्यात रस्ता बंद असतो.

कृष्णातनं कसर ठेवली नाही. फेटे आणले, तांबडा-पांढरा रस्सा केला. शाळेची भिंत डागाळलेली, म्हणून तिला रंगाचे दोन हात देऊन वर ‘सुस्वागतम’ लिहून घेतलं. शाळेसमोर राहणारी बनाबाई काही सांगायला दोनदा आली, पण मंडपाच्या गडबडीत तिला कुणी उभं केलं नाही.

जेवण झाल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, पाणी कुठवर चढतं? कृष्णातनं ऐटीत शाळेच्या भिंतीकडं बोट केलं आणि ते तसंच राहिलं. मागच्या महापुरानंतर गावानं त्या भिंतीवर पाण्याची लाल रेघ ओढून साल घातलं होतं. ती आता रंगाखाली होती.

“हितं व्हती की रेघ,” तो म्हणाला.

मग कुणी खांद्याला हात लावून दाखवलं, कुणी कपाळाला. साहेबांनी ढेकर दिला आणि “गावाचं एकमत झालं की कळवा,” असं सांगून ते गाडीत बसले.

“पावण्यांस्नी दावायची ती रेघच पुसलीस व्हय रं?” बनाबाई म्हणाली.

पुराचा पुरावा आढळला नाही, असं उत्तर आलं. ऑगस्टमध्ये पुरावा आला. बनाबाईला नावेतून काढावं लागलं. पाणी ओसरलं तेव्हा चिखलाचा डाग ‘सुस्वागतम’च्या मधोमध गेला होता. कृष्णातनं भिंतीचा फोटो दिल्लीला धाडला.

या वेळी उत्तर लगेच आलं. भरावानं एवढं पाणी अडवल्याबद्दल मंत्रालयाच्या पाणी विभागानं गावाचं अभिनंदन केलं होतं. मोऱ्या बांधल्या तर साठा वाहून जाईल, सबब प्रस्ताव बंद. मार्चमध्ये साहेब सत्काराला येतील. फोटोसाठी भिंत रंगवून घ्यावी.

कृष्णातनं हुकूम पाळला. लाल रंगाचा डबा आणला. बनाबाईनं स्टूल धरलं, आणि त्यानं डागावरून, ‘सुस्वागतम’ची सगळी अक्षरं कापत, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड रेघ ओढली.