साठ शर्ट आणि एक भरलेला डबा

मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. कडी सैल झालेला, एका बाजूने पोचा पडलेला. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं तापलेलं आहे.

दुकानातून मला एका नव्या नवरीने उचललं. तिचा नवरा शर्टांच्या कारखान्यात कटिंगमास्तर. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदाचा नमुना ठेवायचा, खडूने आखायचं आणि मशीनने सगळं एकदम कापायचं. हात चुकला तर एक नाही, साठ शर्ट जातात. म्हणून सगळे त्याला मान देत.

पहिली काही वर्षं छान गेली. दुपारचा भोंगा झाला की मास्तर खिडकीपाशी बसून माझे कप्पे सुटे करायचा. शेजारी बटणं लावणारी मावशी बसायची. तिची भाजी याला, याची डाळ तिला. "वहिनींच्या हाताला चव आहे हो," असं ती म्हणाली की मला माझाच अभिमान वाटायचा. जेवून मास्तर शीळ घालत कामाला उभा राहायचा.

मग काम वाढलं आणि अक्कल कमी झाली. मास्तर उभ्याउभ्या चहा ढोसू लागला, सोबत क्रीमची बिस्किटं. मी खिळ्याला लटकलेला. घरधनिणीने पहाटे उठून केलेला भात माझ्या पोटात आंबतोय आणि समोर हा शहाणा चौथा कप तोंडाला लावतोय! अर्धा तास अंगात वारं शिरल्यासारखा धावायचा. तीन वाजले की हात थरथरणार, कपाळाला घाम सुटणार, आवाज चढणार. कोणी साधा खडू मागितला तरी अंगावर धावून जायचा. वर म्हणायचा काय, तर "माझ्या नशिबी माणसंच तसली." अरे, माणसं तीच आहेत की! सकाळपासून पोटात काय ढकललंस, ते आठव जरा.

एका मंगळवारी व्हायचं ते झालं. बाही आखताना नमुना एकदा सुलटा ठेवतात आणि एकदा उलटा, म्हणजे एक बाही डावी होते, एक उजवी. मास्तरने दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. साठ शर्टांच्या एकशेवीस बाह्या, सगळ्या डाव्या. मालक धावत आला. मास्तरने टेबलाकडे बघितलं आणि खापर मावशीवर फोडलं. "यांनी नमुना उचलून परत ठेवला, त्यात उलटसुलट झालं."

"मास्तर, सतरा वर्षांत मी तुमच्या टेबलाला हात लावलाय कधी?" मावशी एवढंच म्हणाली. मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी तिथेच होतो, काठोकाठ भरलेला. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

संध्याकाळी मास्तरच्या लेकीने मला धुवायला उघडलं. नऊ वर्षांची पोर, पण डोळे उघडे ठेवणारी. "आई, आजही भरलेलाच आलाय." मास्तर खेकसला, "धुवायचा तर धू, बडबड नको." तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. डबा रिकामा आला की ती त्या दिवशी गोल काढायची, भरलेला आला की फुली, आणि बाबा ओरडले की खाली काळा ठिपका.

"बाबा, जिथे फुली आहे तिथेच ठिपका आहे. गोल असला की तुम्ही शीळ घालता. बघा ना."

मास्तरने मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. हा पोचा तेव्हाचा. भात जमिनीवर, डाळ दारावर. पोर रडली नाही. तिने त्या दिवसाच्या चौकोनात फुली काढली, ठिपका काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"डोक्यात राख कशाला घालून घेता?" घरधनीण म्हणाली. "खोटं बोलतेय का ती?"

मास्तरने कॅलेंडर हातात घेऊन एकेका फुलीवरून बोट फिरवलं. "मावशींनी हात लावला नव्हता," तो म्हणाला. "चूक माझी होती." मित्रांनो, हात चुकला तो चहा-बिस्किटांनी, हे मला मान्य. पण बोट त्याने स्वतः दाखवलं. उपाशी पोटाच्या नावावर मी ते खपवून घेणार नाही.

सकाळी त्याने मालकाला सगळ्यांदेखत खरं सांगितलं. मालकाने त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं आणि तीन महिने नुसतं कापड अंथरायला लावलं. मावशी परत आली, पण त्याच्याकडे पाठ करून बसली. दुपारी मास्तर मला घेऊन तिच्यासमोर गेला. "मावशी, चुकलो मी."

"आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशी माणसाची माफी मला नको. तीन वाजता फिरवाल शब्द." तो खिडकीपाशी बसून मुकाट्याने जेवला आणि हात धुऊन पुन्हा तिच्यासमोर उभा राहिला. मग तिने ऐकून घेतलं.

माझा राग अजून गेलेला नाही. दुपारी काय खाल्लंत आणि त्यानंतर कोणावर ओरडलात, हे तुम्ही आठ दिवस तरी लिहून बघा. नऊ वर्षांच्या पोरीला जमलं, तुम्हाला काय धाड भरली आहे?

पोचा पडल्यापासून माझं झाकण एका हाताने उघडत नाही. मास्तरला खाली बसावं लागतं, मला मांडीवर धरून दोन्ही हात लावावे लागतात. "नवा डबा घेऊ या का?" असं घरधनिणीने परवा विचारलं. तो नको म्हणाला.