लखदरच्या दमाची हवा

"बस झालं, नाजी. आता गन लाव," बुरावी म्हणाला. टायरच्या दुकानापुढं पंक्चर होऊन थांबलेल्या त्याच्या ट्रकमध्ये गाबेस गावची डाळिंबं भरली होती आणि ऊन चढत होतं.

नाजीनं लांब पान्याला नळी जोडून अंगाचा सगळा भार टाकून पाहिला होता. चाकाचा नट जागचा हलला नव्हता.

हवेवर चालणारी, नट खोलायची गन खुंटीला होती. तिच्या तोंडावर नटावर बसणारी मोठी काळी गोटी, थोरल्या भावानं, लखदरनं, बसवलेली. आज लखदरला जाऊन चाळिसावा दिवस. घरी वहिनीनं त्याच्या नावानं जेवण घालायला चुलीवर कुसकुस चढवला होता. बुरावीच्या नटांना धाकटी गोटी लागणार, म्हणजे लखदरची काढावी लागणार. म्हणून नाजी सकाळपासून हातानंच झटत होता.

"त्याची गोटी जपशील, अन् माझी डाळिंबं कुजवशील होय रे?"

"मी काही म्हणालो का?"

"तेच तर. तो गेल्यापासून तू काही म्हणतच नाहीस."

नाजीनं गन उतरवली. गोटीतून आरपार खीळ होती, खीळ सुटू नये म्हणून वरून रबरी कडं. कडं नखानं ओढलं, तसं तुटलं. आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं होतं. काही वाटलं नाही.

धाकटी गोटी बसली, खीळही आत गेली. कड्यांचा डबा मात्र रिकामा.

"तार गुंडाळ."

"तार तुटते. गोटी सुटून तोंडावर येते."

"मग?"

लखदर सायकलच्या ट्यूबमधून कडी कापायचा. नाजी भिंतीशी गेला. लखदरची सायकल त्यानं टेकवली होती तशीच उभी होती.

"अरे, ती त्याची सायकल," बुरावी हळू म्हणाला.

"माहीत आहे."

दुकानात हवेचं यंत्र असून लखदर हातपंपच मारायचा. म्हणायचा, आपल्या दमाची हवा टिकते. नाजीनं मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. अजून टणक होतं.

त्यानं तोटी उघडली. हवा तळव्यावर आली, रबराच्या वासाची, कोमट, लांबच लांब. बुरावीनं घाई केली नाही. चाक हळूहळू बसत गेलं, सायकल एका अंगाला कलली. नाजीनं ती खांद्यानं सावरली आणि हवा संपेपर्यंत तळवा तिथेच धरला.

मग कात्री घेतली.