माझा आवाज कल्याणला सोसत नाही

मित्रांनो, भाकरी खाताना पिठाच्या गिरणीची आठवण कुणाला येते? कुणालाच येत नाही, आणि मला आता त्याची सवय झाली आहे. परतूर तालुक्यात, आष्टीजवळच्या एका गावात, बस थांब्यासमोर एक पत्र्याची खोली आहे. तिथे मी राहते. माझा रंग उडाला, नटबोल्ट सैल झाले, तोंड मात्र अजून मोठे आहे. मी सुरू झाले की थांब्यावरची माणसे हातवारे करून बोलतात.

माझे लोखंडी अंग जालन्यात घडले. माझे मालक काकासाहेब यांनी मला ट्रॅक्टरवर घालून आणले, नारळ फोडला आणि पहिली ज्वारी स्वतः दळली. त्यांचा मुलगा कल्याण तेव्हा पाळण्यात होता. त्याची आई, साळूबाई, पाळणा माझ्याजवळच बांधायची. मी बंद पडले की पोर रडायचे, सुरू झाले की झोपायचे. एवढा मान मला पुढे कुणी दिला नाही.

कल्याण मोठा झाला आणि फौजेत गेला. काकासाहेबांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्याच्या बायकोने, उषाबाईने, मला हाताशी घेतले. दगड झिजला की त्याला टाकी लावून खरखरीत करायलाही ती शिकली. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, उपवासाचे दळण वेगळ्या दिवशी, असा तिचा नेम. शेजारच्या वाडीच्या बायकासुद्धा डबे घेऊन तिच्याकडेच यायच्या. सुट्टीवर आला की कल्याण माझा पट्टा आवळायचा, आणि त्यांची लेक राजनंदिनी पिठात बोटाने नाव काढायची. ते दिवस फार चांगले होते.

मग सीमेवर लढाई पेटली. माझ्या घरघरीत फोनची घंटी ऐकू येत नाही, म्हणून उषाबाई फोन कमरेला खोचून दळायची. तो थरथरला की आधी मला बंद करायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. फोन उचलायचे तिला धाडस होत नसे.

लढाई थांबली. कल्याण मोठ्या रजेवर आला, हातापायांनी धडधाकट आला. गावाने जीप सजवली, ढोल लावला आणि माझ्याच ओट्यावर फटाक्यांची लांबच लांब लड पेटवली. पहिला आवाज झाला आणि गळ्यातल्या हारासकट कल्याण आत धावला. माझ्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत शिरून, डोक्यावर हात धरून बसला. तो थरथरत होता. माझ्या लोखंडाला ते कळत होते.

काकासाहेबांनी घाईने दार लोटले आणि बाहेर सांगितले, "परवासानं थकला हाय. जा आता."

तिथून त्या घराने खोटे बोलायला सुरुवात केली. तो जेवत नाही, तर पित्त झाले. बोलत नाही, तर स्वभावच तसा. मी सुरू झाले की तो कॅनॉलकडे निघून जाई. म्हणून उषाबाई तो दूर गेला की मगच दळायची. ज्या आवाजात तो झोपायचा, तोच आता त्याला खात होता. मित्रांनो, मी काय करणार? गिरणीला हळू बोलता येत नाही.

"मामा, ह्यांला फौजेच्या दवाखान्यात नेऊ," उषाबाई सासऱ्यांना म्हणाली. "तिथं ह्या दुखण्याचे डॉक्टर असत्यात. हे बिलकुल झोपून न्हाई राह्यले."

"फौजी माणसाला येड्याच्या डॉक्टरकडं न्यायचं? गावात तोंड कसं दाखवू मी?" काकासाहेब म्हणाले. विषय तिथेच मिटला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुरणपोळ्यांच्या गव्हाची गर्दी होती. कल्याण शेतात असेल असे उषाबाईला वाटले. पण तो घराकडे परत येत होता. तेवढ्यात माझा जुना पट्टा सांध्यात तुटला आणि फाडकन पत्र्यावर आदळला.

"खाली व्हा! खाली!" ओरडत कल्याण आत घुसला. माझ्याजवळ उभ्या असलेल्या राजनंदिनीला त्याने जमिनीवर पाडले आणि तो तिच्यावर पालथा पडला. तो तिला वाचवत होता. पण त्याने तिला एवढे घट्ट दाबून धरले होते की पोरीला श्वास घेता येईना. उषाबाईने बटण बंद केले, त्याचे हात ओढले, पाठीवर बुक्क्या मारल्या. बायका मदतीला धावल्या. पोरगी सुटली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मग तिने श्वास ओढला आणि मोठ्याने रडली.

काकासाहेब धावत आले. सवयीने म्हणाले, "काही न्हाई, पाय घसरला त्याचा."

"पाय न्हाई घसरला, मामा!" उषाबाई साऱ्या गर्दीसमोर ओरडली. "हे आजारी हायत. लढाईवरून आल्ते तवापासून आजारी हायत, अन् आपण झाकून राह्यलो."

कल्याणला भान आले होते. तो एवढेच म्हणाला, "उषा, मी पोरीला मारलं असतं."

काकासाहेब खाली बसले आणि रडले. मग म्हणाले, "गाडी बोलवा जल्दी. कल्याणला फौजेच्या दवाखान्यात नेऊ."

आता तो दवाखान्यात आहे, उषाबाई त्याच्याजवळ आहे. वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणतात. किती, ते सांगत नाहीत. बायका दळायला आष्टीला जातात. माझ्या दगडांत उंदीर फिरतात.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी तेल मागतो, रंग मागतो. मला काही नको. मी गंजले तरी चालेल. लढून आलेला माणूस धडधाकट दिसला, म्हणून तो बरा आहे असे समजू नका. त्याचे दुखणे लाजून झाकू नका. एवढेच माझे मागणे आहे.

काल साळूबाई झाडायला आत आली, मागे राजनंदिनी होती. पोरीने विचारले, "आज्जी, बाबा आले की मी त्यांच्यापाशी जाऊ, का लांबूनच बोलू?"

साळूबाईने केरसुणी खाली ठेवली. तिने पोरीला पोटाशी धरले, आणि लगेच घाबरून मिठी सैल केली.